व्हॅनबाहेरच्या दोन सायकली

व्हॅनच्या बाहेरून सायकल बांधण्याच्या जितक्या तऱ्हा माणसाच्या डोक्यात येऊ शकतात, तितक्या माझ्या बायकोच्या मामांनी करून पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या एकीनेही त्यांचं समाधान झालेलं नाही. मामा आणि मामी दोघंही आचऱ्यातले निवृत्त शिक्षक. शाळेत दोघं सायकलींवरून जायची, आणि निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी समुद्रावर. मग मामी अंगणात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि मामांनी एक जुनी व्हॅन घेतली. मागच्या सीटवर मामी पाय लांब करून बसतात, म्हणून सायकलींना आत जागा नाही. पण कणकवलीला डॉक्टरांकडे जाताना दोन्ही सायकली बरोबर हव्यातच. कशाला, असं मी एकदा विचारलं.

"जावयानू, डॉक्टरांनी आज चालवा म्हणान सांगल्यानी तर? तेवा सायकल घराकडे आसान कसा चलतला?"

पहिल्यांदा सायकली टपावर चढल्या. उंची वाढल्याचं मामा विसरले आणि वाटेतल्या एका लग्नाच्या कमानीची झालर हँडलात अडकवून थाटात कणकवलीत शिरले. मग त्या कुशीला बांधल्या. गाडी देखणी दिसली, फक्त दार उघडेना. "माका भायर काढा आदी, मगे सायकलींचा कौतुक करा!" मामी आतून ओरडत होत्या. शेवटी विहिरीच्या पंपाचे जुने पाइप जोडून मामांनी मागे स्टँड बनवला, तर गाडीचा नंबर झाकला गेला. मामांनी तो मामींच्या सायकलच्या बास्केटवर रंगवला. हवालदाराने गाडी थांबवली आणि नंबर वाचायला बास्केटपाशी वाकला. एवढ्या खटाटोपात मामांची स्वतःची सायकल काथ्याच्या दोरीने कशीही आवळलेली असते. मामींच्या सायकलला मात्र ओरखडा उठू नये म्हणून जुन्या लुगड्याच्या घड्या. माणसाचा जीव कशात असतो ते दिसतंच.

मामा दवाखान्यात कधी येत नाहीत. सायकली कोण राखणार? म्हणून गेल्या खेपेला मामींबरोबर मी आत गेलो. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, खूश झाले, आणि म्हणाले, "चालणं उत्तम आहे. पण हाडं ठिसूळ झालीत, पुन्हा पडून चालणार नाही. सायकल आता विसरा."

"मागच्या वेळीही तुम्ही हेच सांगितलंत," मामी शांतपणे म्हणाल्या.

बाहेर येताना त्यांनी माझा दंड धरला. "ह्येंका सांगू नकात हां. सायकली बांधूक बसले काय कसे खुश आसतत."

पायऱ्यांखाली मामा उभे होते. मामींची सायकल उतरवून, पुसून, हवा भरून तयार.

"काय म्हणाले?"

"फुडल्या खेपेक बघूया म्हणाले."

"नाय म्हणाक नाय मां?"

"नाय म्हणाक नाय."

"मगे झाला तर!" मामांचा चेहरा उजळला. त्यांनी बाजूला ठेवलेल्या लुगड्याच्या घड्या उचलल्या, एकेक नीट झटकली आणि सायकल पुन्हा स्टँडकडे नेली.

"जावयानू, फुडचा चाक धरा. सावकाश हां, खरचटात."

मी चाक धरलं.