चॉकलेटच्या अंड्यांवरची नावं

शांतवन साळवे नागापूरच्या एमआयडीसीत पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनवर कामाला होता. दर ईस्टरला त्याच्या घरी चॉकलेटची अंडी व्हायची. बायको मार्था गरम पाण्याच्या पातेल्यावर चॉकलेट वितळवायची, मुलगी रूथ ते साच्यांत ओतायची आणि तयार अंड्यांवर शांतवन पांढऱ्या आयसिंगने चर्चमधल्या संडे स्कूलच्या एकेका मुलाचं नाव काढायचा. त्याचं अक्षर देखणं होतं.

या जानेवारीत मशीनखाली त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

तरीही ईस्टरच्या आदल्या दिवशी मार्थाने साचे काढले. शांतवनने आयसिंगचा कोन डाव्या हातात धरला. पहिल्याच नावाला हात जोरात दाबला गेला आणि अंडं फुटलं. दुसरंही फुटलं.

"पप्पा, मी लिहू का?" रूथने विचारलं.

"लिही." कोन तिच्या हाती देऊन तो अंगणात जाऊन बसला.

सकाळी मायलेकी चर्चला निघाल्या, तरी तो अंथरुणातच होता.

"चला ना," मार्था म्हणाली. "सगळे इचारतील."

"ईस्टर हाय आज. जो तो 'प्रभू उठला' म्हनत शेकहँडला हात पुढं करनार. मी काय पुढं करू?"

अंड्यांचा डबा घेऊन त्या दोघीच गेल्या.

दुपारी चर्चचे पाळकसाहेब त्याला भेटायला घरी आले. त्यांचा आवाज ऐकताच शांतवनने भिंतीकडे तोंड केलं आणि झोपेचं सोंग घेतलं. मार्थाने त्यांना बाहेरच खुर्ची दिली.