रस्त्यात थांबलेली गाडी आणि आक्का

भाच्याचा फोन आला तेव्हा मी मानवतच्या बाजारात होतो. "मामा, आई गेली..." एवढंच तो बोलू शकला. आक्का झोपेतच गेली. महिना होत आला. पण तिची आठवण निघाली की मला ती रस्त्यावरची दुपारच दिसते.

माझी ही थोरली बहीण राणीसावरगावला शाळेत शिकवायची. रिटायर झाल्यावरही गाव तिला बाईच म्हणायचं. तिची गाडी जुनी, पेट्रोलवरची. बिघडली की आक्का गॅरेजात बाकड्यावर बसून राहायची नाही, मेकॅनिकशेजारी वाकून सगळं बघायची. त्या दुपारी शेजारच्या रुक्मीला शेतात निंदताना साप चावला. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. आक्कानं तिला मागच्या सीटवर निजवलं, पायाशी तिचा नवरा लिंबाजी, पुढं मी, आणि गंगाखेडचा रस्ता धरला. अर्ध्या वाटेत गाडीनं गचके दिले आणि बंद पडली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फोनला रेंज नव्हती.

चावी फिरवली की मागून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची बारीक घरघर यायची, ती येईना. फ्यूज ठीक होता. पंपाला करंट सोडणारा रिले गेला असेल म्हणून आक्कानं हॉर्नचा रिले काढून त्याच्या जागी बसवला. तरी शांतच... "रुक्मीला खाली घ्या. पंप शिटाखाली हाय." आम्ही तिला बाभळीच्या सावलीत ठेवलं. तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. लिंबाजीनं भेदरून बिडी पेटवली. "फेक ती आधी!" आक्का ओरडली, "पेट्रोलची टाकी हाय इथं!"

सीट उचलून तिनं दोन वायरी जोडलेला बल्ब लावला. ती सांगेल तेव्हा मी चावी फिरवायची. एक टोक पंपाकडं येणाऱ्या वायरीला, दुसरं गाडीच्या पत्र्याला... बल्ब पेटला. म्हणजे करंट येत होता. मग दुसरं टोक पंपाच्या परतीच्या वायरीला लावलं, बल्ब पेटेना. "अर्थिंग गेलंय, करंटला परतीची वाट न्हाई," ती म्हणाली.

"बाई, ही बोलंना झालीय!" लिंबाजी रडायलाच लागला.

आक्कानं मान वर केली नाही. डिकीतल्या वायरीचा तुकडा दातांनी सोलला, परतीच्या वायरीला पिळून जोडला, दुसरं टोक सीटच्या बोल्टखाली घट्ट आवळलं. "फिरव." मागून घरघर आली... दवाखान्यात रुक्मीला सलाईन लागलं, तेव्हा कुठं आक्कानं चहाचा कप हातात घेतला.

रुक्मी वाचली. बरी होऊन आली आणि म्हणाली, "बाई, मलाबी गाडी शिकवा." आक्कानं तिला माळावर नेऊन शिकवलं.

भाच्यानं आता गाडी रुक्मीलाच दिलीय. परवा ती एका म्हातारीला दवाखान्यात घेऊन निघाली होती. रुक्मी आक्काहून ठेंगणी, पाय पेडलला जेमतेम पोचत होते. मी म्हणालो, "अगं, सीट जरा पुढं घे की."

"असू द्या, दादा," ती म्हणाली, "बाईंनी ठिवलीय ती तशी."