देवाचे जोंधळे

संशय घेण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. आई म्हणायची, ही पोरगी डोळ्यांत तेल घालूनच जन्मली. खरं होतं ते. त्याचा मला तेव्हा अभिमानही होता.

कळमनुरीच्या अलीकडे एका लहान गावात आमची चार ख्रिस्ती घरं होती. दळायला बसण्याआधी आजी सुपातले मूठभर जोंधळे वेगळ्या मडक्यात टाकायची आणि डोळे मिटून पुटपुटायची. ही देवाची मूठ. चारही घरांतून ती निघायची, आजीच्या मडक्यात जमायची आणि पाळकसाहेब आले की त्यांच्या हवाली व्हायची. घरात चूल पेटली नाही तरी त्या मडक्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरत होत्या, रस्ते धोक्याचे झाले होते, पाळकसाहेबांचं येणं थांबलं होतं. हा कुणाचा माणूस, कुणाचा नवरा सरहद्द ओलांडून निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या वऱ्हाडातल्या कॅम्पात गेला, याचा जो तो वास काढत होता. आमच्यावर तर दोन्हीकडून संशय. अशा हवेत माझं चांगलंच फावलं.

एकदा ते मडकं सहज उचलून बघितलं तर हलकं लागलं. इतक्या महिन्यांचे जोंधळे, आणि तळाला जेमतेम दोन मुठी! आजी कुणा लपलेल्याला पोसते की काय? पण लपलेला माणूस जोंधळे घेऊन काय करील? त्याच्याकडे दळायला जातं कुठलं? म्हणजे म्हातारी विकते. पंधराव्या वर्षी मला हे इतकं बिनचूक वाटलं की लगेच आईच्या कानावर घातलं. आईच्या पोटात काही राहत नसे. तिनं रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर विचारलं.

"आत्याबाई, देवाचे जोंधळे कुठं गेले?"

"म्या नेले."

"कोणाला दिले?"

"ते न्हाई सांगत."

माझे वडील आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांत होते. ते म्हणाले, "आये, सांग की. काहून आमचं तोंड काळं करून राहिलीस?"

जोंधळे कुठं गेले ते सांगेपर्यंत तिला प्रभुभोजन, म्हणजे पाळकसाहेब प्रभूच्या नावानं वाटतात तो भाकरीचा तुकडा, बंद, असं पंचांनी ठरवलं. घरची भाकर बंद केली असती तर ती हसली असती. पण हे ऐकून ती मटकन खाली बसली. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, नाही. मला फक्त गिऱ्हाईक कोण ते हवं होतं.

दोन दिवसांनी, भर दुपारी, गाव रानात गेलेलं असताना मी आजीच्या मागावर निघाले. तिच्या डोक्यावर शेणाची पाटी, ओटीत जोंधळे. ती ओढ्याकडून वळली आणि गावातल्या मोठ्या घराच्या मागल्या दारी थांबली. त्या घरात आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, कोरडं धान्य तेवढं चालायचं. दार किलकिलं झालं. आतून त्या घरच्या बाईनं पदर पसरला.

तिचा नवरा पुसेगावला बहिणीकडं गेला, असं ती गावभर सांगायची.

परत फिरताना आजीनं मला बघितलं. मनगट धरून ओढ्यात नेलं.

"तो वऱ्हाडात हाय. टोळीवाल्यांना कळलं तर घर जाळतीन. धान्य तर आधीच उचलून नेलं. तिची दोन्ही लेकरं बाळंतपणात म्या या हातानं बाहेर काढली, ती उपाशी मरू देऊ? तू काही पाह्यलं न्हाई. घे शपथ."

मी शपथ घेतली. स्वतःच्या डोळ्यांची मला पहिल्यांदाच किळस आली.

पुढं भारताच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, रस्ते खुले झाले, त्या बाईचा नवरा परतला. ती आता बोलेल म्हणून मी वाट बघत राहिले. रस्त्यात भेटली की ती पदर पुढं ओढून निघून जायची.

"आजी, आता तर सांग."

"आपल्या दारचं खाल्लं म्हणून भावकी तिला जन्मभर टोचंल. तिचं ती सांगंल. न्हाई तर न्हाई."

दिवाळीच्या सुमारास पाळकसाहेब आले. माझं ते पहिलं प्रभुभोजन. आजी धुतलेलं लुगडं नेसून दाराशी बसली होती. वडिलांनी ताट तिच्यासमोरून खाली बघत पुढं नेलं. मी तोंड उघडलं, तर तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. नको. मी भाकरीचा तुकडा घेतला आणि खाल्ला.

नाताळाआधीच आजी गेली. मोठ्या घरची बाई मयतीला आली नाही. वडील मात्र आपल्या आईनं असं का केलं असावं, हे मला त्यांच्या म्हातारपणापर्यंत विचारत राहिले, आणि मी माहीत नाही म्हणत राहिले.