भरतीतलं जाळं

सुरतच्या नवागामात राहून कापडाचा लूम चालवणारा हिरामण जातीचा भोई. खानदेशात बापासंगं तापीत जाळी लावतच तो मोठा झालेला. म्हणून सुरतच्या जुन्या बंदराचा काठ सुधारताना तिथले मासेमारीचे लाकडी खांब जुनी आठवण म्हणून जपायचं ठरलं, तेव्हा त्यांना जाळं बांधायला तोच पुढे झाला. त्या कामावरच्या साहेबाला जाळं पसंत पडलं तर तिथंच राखणदाराची नोकरी मिळणार होती अन् लूमचा खडखडाट कायमचा सुटणार होता.

त्यानं गावाकडच्या रीतीनं जाळ्याचं तोंड नदीच्या वरच्या अंगाला केलं. काठावर मासे निवडत बसलेली रेवाबेन ओरडली, "भाई, भरती आवशे! जाळ फेरवो!"

"तापी मन्ही मायना गावनी शे," हिरामण गुरकावला. "नदी कधी उलटी वाहास का?"

दुपारी भरती आली अन् नदी खरंच उलटी फिरली. समुद्राच्या पाण्यानं जाळं उलटं केलं, आतला मासा निसटून गेला. तेवढ्यात साहेब आला. साहेबानं फोटो काढला अन् म्हणाला, "झकास दिसतंय. असंच राहू द्या. उद्यापासून या कामावर."

साहेब गेला, तरी हिरामणचं बूड काही टेकेना. शेवटी पँट गुडघ्यावर खोचून तो पाण्यात उतरला.

"हवे शुं? नोकरी तो मळी गई!" आता कशाला पाण्यात, म्हणून रेवाबेन हसली.

"नोकरी भेटनी व माय, पन जाळं उलटं शे ना! आते सांग, कोनती गाठ पहिले सोडू?"