नाय टाक

माझ्या भाचीनं एका डॅनिश मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा घरातली डॅनिश जाणणारी व्यक्ती म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला डॅनिश येत नव्हतं, आजही येत नाही. पण मी आखातात, फुजैरा या बंदराच्या गावी राहते आणि जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका लहानशा कंपनीत काम करते. तेल भरून घ्यायला आलेली जहाजं बंदराबाहेर नांगर टाकून उभी असतात. त्यांना भाजी, अंडी, पाणी, दोरखंड, सिमकार्डं, जे हवं ते बोटीनं पोचवायचं. त्यातली काही जहाजं डॅनिश असतात. माझ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या मते एवढं पुरेसं होतं.

त्यातून मी एकदा घरी एक किस्सा सांगून बसले होते. एका डॅनिश जहाजाच्या आचाऱ्यानं ईमेलवर ऑर्डर पाठवली होती. सगळी इंग्रजीत, फक्त मध्येच एक ओळ अशी : ‘इज, वीस किलो.’ मला वाटलं, वाक्य अर्धवट राहिलंय. मी उलट विचारलं, ‘इज व्हॉट?’ उत्तर आलं, ‘येस, इज.’ शेवटी फोन केला तेव्हा कळलं की त्यांच्याकडे हेच स्पेलिंग ‘इस’ असं वाचतात, आणि बर्फालाही इस म्हणतात, आइस्क्रीमलाही. मी विचारलं, मग तुम्हाला यातलं काय हवंय? तो म्हणाला, ‘चॉकलेट.’

हा किस्सा ऐकून घरचे पोट धरून हसले आणि माझी भाषापंडित म्हणून नेमणूक झाली.

दादा-वहिनी अबू धाबीला, खलिफा सिटीत राहतात. दादा इंजिनिअर आहे, या देशात येऊन त्याला पंचवीसेक वर्षं झाली. भाची इथेच जन्मली, इथेच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, पण आपण मराठीत विचारलं की उत्तर इंग्रजीत येतं. मुलगा तिच्याच ऑफिसात काम करणारा. उंच, शांत, आमटी तोंडाला लागली की डोळ्यांत पाणी येणारा, पण वाटी संपवणारा. दादाला तो आवडला होता. आता त्याचे आईवडील डेन्मार्कहून येणार होते आणि पहिलंच जेवण आमच्याकडे होतं.

दादानं फोनमध्ये भाषा शिकायचं ॲप घेतलं आणि रोज दुपारी मला ऑफिसात फोन करायला लागला. पहिला आठवडा तो फार खुशीत होता.

‘‘अगं, हाताला हॅन्डसारखंच हॉन्ड, बोटाला फिंगर, मांजराला कॅट, घराला हूस. हे तर इंग्रजीच आहे. चूळ भरता भरता बोललेलं.’’

दुसऱ्या आठवड्यात त्याचा आवाज जरा उतरला. ‘बार्न’ म्हणजे धान्याचं कोठार नसून मूल निघालं. ‘मॅड’ म्हणजे वेडा नसून जेवण निघालं, आणि तेसुद्धा म्हणताना शेवटचं अक्षर गिळायचं. वेगाला जो शब्द आहे तो मी इथे लिहीत नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ भलताच होतो आणि वहिनीनं तो घरात उच्चारायला बंदी घातली होती.

मग एकदा ऐन कामाच्या वेळी फोन. ‘‘गिफ्ट म्हणजे काय, सांग.’’

‘‘भेट.’’

‘‘नाही. गिफ्ट म्हणजे लग्न झालेला. आणि गिफ्ट म्हणजेच विष.’’

मागून वहिनीचा आवाज आला, ‘‘हुशार आहेत हो माणसं.’’

माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे मी मत दिलं नाही.

पाहुणे यायच्या दिवशी मी सकाळीच फुजैराहून निघाले. पुरणपोळीचा घाट घातला होता आणि लाटायचं काम माझ्याकडे होतं. पाहुणे आदल्या रात्री उतरून हॉटेलात झोपले होते, पण मुलाच्या वडिलांची बॅग मागेच राहिली होती. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मुलाहूनही उंच वडिलांच्या अंगावर मुलाचा शर्ट होता, मनगटापर्यंत न पोचणाऱ्या बाह्यांचा. आई गोऱ्यापान, आटोपशीर, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. दारातच दादानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्या दोघांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि मुलाकडे पाहिलं. मुलानं डॅनिशमध्येच ते परत सांगितलं. मग दोघांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

‘‘प्लीज,’’ दादा त्यांना इंग्रजीत म्हणाला, ‘‘आमच्याशी जमेल तिथे डॅनिशच बोला. मला सवय करायचीय.’’

इथे सगळ्याची सुरुवात झाली.

ताटं वाढली आणि तेवढ्यात विमानतळावरून फोन आला : बॅग आलीय, घेऊन जा. विमानतळ घरापासून जवळच. वडील उठलेच, स्वतःचा शर्ट घालायची त्यांना घाई झाली होती. मुलगा आणि भाची त्यांना घेऊन गेले. आईनं सांगितलं, मी थांबते, मला भूक लागलीय. म्हणून टेबलापाशी राहिले दादा, वहिनी आणि त्या. मी स्वयंपाकघरात तव्यापाशी. दार उघडं असल्यानं मोठ्यानं बोललेलं ऐकू येत होतं, दिसत मात्र नव्हतं.

पहिली पोळी गेली. वर तुपाची धार. त्या म्हणाल्या, ‘‘टाक.’’

डॅनिशमध्ये ‘टाक’ म्हणजे थँक्यू. हा एक शब्द मला खरंच येत होता. कॅप्टन लोक फोन ठेवताना म्हणतात. दादानंही तो पाठ केला होता, पण स्पेलिंग वाचून, ‘टॅक’ असा. त्यामुळे त्याला यातलं काही उमगलं नाही. त्याला ऐकू आलं ते चक्क मराठी.

‘‘ऐकलंस?’’ तो वहिनीच्या कानात म्हणाला, हे मला मागाहून समजलं. ‘‘मराठी शिकून आल्यात.’’

‘‘आपल्या पोरीनं शिकवलं असणार,’’ वहिनीही गहिवरून कुजबुजली. ‘‘फक्त ‘टाक’ नाही म्हणायचं, ‘वाढ’ म्हणायचं असतं. पण राहू दे, आल्या आल्या कुठे चुका काढायच्या!’’ आणि तिनं आणखी तूप टाकलं.

‘‘टाक,’’ त्या पुन्हा म्हणाल्या. पुन्हा तूप पडलं.

आतून मला एवढंच कळलं की बाहेर छान चाललंय. एक पोळी तव्यावर, एक पोळपाटावर, आणि वहिनी येऊन भराभर नेतेय. ‘‘काय आवडीनं खातायत!’’ ती म्हणाली. मला बरं वाटलं. पुरणात जायफळ मीच घातलं होतं.

दुसरी पोळी संपल्यावर बाईंनी ताटावर हात आडवा धरला असणार. कारण मला स्पष्ट ऐकू आलं, ‘‘नाय टाक.’’

‘नाय’ म्हणजे त्यांच्याकडेही नाहीच. नाय टाक म्हणजे नको, आभारी आहे. मला वाटलं, आता वाढणं थांबेल. दादानं मात्र याचा आपल्या पद्धतीनं अर्थ लावला. तो वहिनीला पुन्हा हळूच म्हणाला, ‘‘बघ, अगदी आपल्यासारखंच. आधी नाय म्हणायचं, मग टाक.’’ आणि तिसरी पोळी वाढली.

त्यांच्याकडे ताटात अन्न टाकणं वाईट समजतात, हे मला नंतर कळलं. आपल्याकडे पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं वाईट. या दोन चांगल्या सवयी समोरासमोर बसल्या, तर पोटाचं काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

थोड्या वेळानं बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. चेहरा लालबुंद. हात धुवायच्या निमित्तानं उठल्या होत्या. मी स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, पण मराठीत सांगायचं तर असं :

‘‘तुम्ही मुलीच्या कोण?’’ त्यांनी विचारलं. दम खात, वेळ काढत.

‘‘आंट.’’

‘‘हो, पण कुठली? इंग्रजीत सगळ्याच आंट. आमच्यात आईची बहीण मोस्टर आणि वडिलांची बहीण वेगळी.’’

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलेय की मी आंटी नाही, आत्या आहे. भाचीच्या शाळेत, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे आंटी. मावशी वेगळी, आत्या वेगळी, काकू वेगळी, मामी वेगळी, हे इथे कुणाला सांगून पटत नाही. आणि ही सातासमुद्रापलीकडची बाई मला स्वतःहून विचारत होती, कुठली?

‘‘वडिलांची बहीण,’’ मी म्हटलं.

‘‘फास्टर!’’ त्या आनंदानं ओरडल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा म्हणाल्या, ‘‘यू आर फास्टर! फास्टर!’’

बाहेरून दादाची हाक आली. ‘‘अगं, फास्टर म्हणतायत त्या! हात चालव जरा! यल्ला, यल्ला!’’

आणि तो स्वतःच आत आला, तव्यावरची पोळी उचलून बाईंच्या हातात बशीसकट दिली आणि त्यांना मानानं परत टेबलाकडे घेऊन गेला. जाता जाता त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. बुडणाऱ्या माणसाची नजर होती ती. त्या हळूच म्हणाल्या, ‘‘तुमच्यात बस झालं कसं म्हणतात?’’

‘‘पुरे,’’ मी म्हटलं.

मिनिटभरात बाहेरून त्यांचा आवाज आला. ठाम, एकेक अक्षर जपून. ‘‘पु-रे.’’

वहिनी कळवळून म्हणाली, ‘‘अगं बाई, पुरी? पुऱ्या नाही केल्या हो आज. पण हव्यात तर कणीक मळलेली आहे, आत्ता तळते!’’

मी गॅस बंद केला. बाहेर गेले तेव्हा वहिनी कढई शोधायला निघाली होती, दादा हातात तुपाची वाटी घेऊन उभा होता आणि बाई डोळे मिटून खुर्चीत रेलल्या होत्या. मी सगळं सांगितलं. टाक म्हणजे काय, नाय टाक म्हणजे काय, फास्टर कोण. दादा वाटी तशीच धरून ऐकत राहिला. त्याच वेळी दार उघडून बाकीचे तिघं बॅग घेऊन आत आले. भाचीनं टेबलाकडे एक नजर टाकली.

‘‘बाबा, हाऊ मेनी डिड यू गिव्ह हर?’’

‘‘त्या टाक म्हणत होत्या,’’ दादा म्हणाला.

‘‘दॅट्स थँक यू, बाबा!’’

चार पोळ्या झाल्या होत्या की पाच, यावर अजून वाद आहे. वहिनी खजील होऊन बाईंचे हात हातात घेऊन सॉरी सॉरी म्हणायला लागली. बाईंना आधी सगळा घोळ नीट कळला नाही. मुलानं डॅनिशमध्ये समजावलं, आणि मग त्या जे हसायला लागल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मध्येच पोट धरून म्हणाल्या, हसवू नका, जागा नाही. वडील मात्र शांतपणे स्वतःच्या शर्टात येऊन बसले, त्यांनी पहिला घास घेतला आणि खणखणीत आवाजात ‘‘टाक’’ म्हटलं. कुणी हललं नाही. त्यांनी आश्चर्यानं इकडेतिकडे पाहिलं. त्यांना खरंच अजून हवी होती.

जेवणं झाल्यावर बडीशेप खात सगळे बसलो तेव्हा बाईंनी वहिनीला विचारलं, ‘‘लग्न झाल्यावर आपण दोघी एकमेकींच्या कोण?’’

‘‘तुमच्यात काय म्हणतात?’’

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. बराच वेळ तिघांचं आपसात चाललं होतं. शेवटी त्या म्हणाल्या की सासूला शब्द आहे, सासऱ्याला आहे, पण मुलाच्या आणि मुलीच्या आईनं एकमेकींना काय म्हणायचं त्याला नाही. इंग्रजीतही नाही.

‘‘आमच्यात आहे,’’ वहिनी ताठ बसून म्हणाली. ‘‘विहीण.’’

त्यांनी तो शब्द दोनतीनदा घोळवला. मधला ‘ही’ त्यांच्या जिभेवर टिकेना, ‘वीन’च व्हायचं. मुलगा हसून म्हणाला, वीन म्हणजे आमच्यात वाइन. ‘‘मग तर छानच,’’ बाई म्हणाल्या आणि त्या क्षणापासून वहिनीला वीन म्हणायला लागल्या. वहिनीनं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, पण या नावानं हाक मारली की ती लाजते.

निघताना फाटकापाशी दोघं पाहुणे हात हलवत ‘‘हाय हाय’’ म्हणाले. तो त्यांचा निरोप. शेजारच्या व्हिलातला हिंदी भाषिक माळी पाणी घालायचं थांबवून बघायला लागला, कुणाविरुद्ध घोषणा चालल्यात म्हणून.

गाडी गेली. भाचीही त्यांना सोडायला गेली होती. दादा तिथेच पायरीवर बसला. मला वाटलं, फजितीमुळे हिरमुसलाय. मी म्हटलं, ‘‘जाऊ दे रे, त्यांनी मनावर घेतलं नाही.’’

‘‘त्याचं नाही गं.’’ थोडा वेळ तो चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिला. ‘‘मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. ठीक आहे, तिला कळतं तरी. उद्या ती तिकडे राहायला गेली, तिचं पोर डॅनिशमध्ये बोलणार. त्याला माझं काय कळणार? आईच्या वडिलांना मोरफार म्हणतात त्यांच्यात. एवढंच मला येतं.’’

ॲप घेऊन रोज दुपारी तो मला का छळत होता, ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. वहिनी आतून आली, त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, ‘‘मग शीक की. अजून लग्न व्हायचंय, पोर कुठे आलंय? वेळ आहे तुझ्याकडे.’’

लग्न त्याच हिवाळ्यात अबू धाबीत झालं, साधंच. वर्षभरानं दोघं डेन्मार्कला गेली. दादा अजून शिकतोय. ॲप सोडून त्यानं आता शिकवणी लावलीय. डेन्मार्कमधली एक निवृत्त शिक्षिका त्याला आठवड्यातून दोनदा स्क्रीनवरून रागावते. मागच्या आठवड्यात जावयाच्या आजीशी तो फोनवर चांगली दहा मिनिटं हवामानावर बोलला. आजींना त्यातलं काय कळलं, ते जावई आम्हाला सांगत नाही. पण आजींनी पुन्हा फोन करायला सांगितलंय म्हणे, आणि दादानं त्यासाठी पावसाचे सगळे शब्द पाठ करायला घेतलेत. त्यांच्याकडे पावसाचे शब्द बरेच आहेत. इथे वापरायला मिळत नाहीत, ही त्याची एकच तक्रार आहे.