एका सीटच्या दोन मालकिणी

लिफ्टबाई दिवसभरात जेवढी वर जायची तेवढीच खाली यायची, आणि तेही सरळ रेषेत. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्टची देखभाल तिच्या कंपनीकडे होती. त्यातल्या जुन्या, रुसक्या, कुणालाही दाद न देणाऱ्या लिफ्ट साहेब हटकून तिच्या गळ्यात घालायचा. निळा डगला, कमरेला टॉर्च, खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि अंगानं चांगली भरभक्कम. ती लिफ्टच्या टपावर चढली की खाली जमलेले लोक तिची सोडून लिफ्टची काळजी करायचे. तिला ते ऐकू यायचं, पण दोर तपासताना खालच्यांशी वाद घालत बसायचं नसतं. नाव तिलाही होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं.

अशा बाईला आडवंतिडवं धावणाऱ्या गाडीचा नाद लागावा यात नवल नाही. नवल हे, की तो नाद तिला वहिनीनं लावला.

वहिनी म्हणजे तिच्या थोरल्या भावाची बायको. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची, आणि अशी काडीपैलवान की वारा सुटला की घरचे तिला छत्री उघडू नको म्हणायचे. तिथल्या डॉक्टरनं हौसेनं एक स्पोर्ट क्वाड, म्हणजे चार चाकांची मोटारसायकल, घेतली, दोन वेळा चालवली आणि मग कंबर धरून बसला. गाडी दवाखान्यामागच्या शेडमध्ये धूळ खात पडली. वहिनी रोज डबा खाताना तिच्याकडे बघायची. एक दिवस तिनं नणंदेला तिथं नेलं आणि म्हणाली, "वन्सं, डॉक्टर स्वस्तात विकतोय. अर्धी तुमची, अर्धी माझी. हिला बोलती करायचं काम मात्र तुमचं."

'वन्सं' हा शब्द त्या घरात कुणी वापरत नव्हतं. वहिनीनं लग्नानंतर नणंदेला चिडवायला तो काढला. पुढं चिडवणं मागं पडलं पण शब्द राहिला, आणि त्याच्याबरोबरचं 'तुम्ही'ही राहिलं.

गाडी बोलती व्हायला फार वेळ लागला नाही. कार्बोरेटरमध्ये साचलेलं शिळं पेट्रोल काढलं, प्लग बदलला, बॅटरी नवी घातली, आणि क्वाड अशी खेकसली की शेजारच्या खोलीत तोंड उघडून बसलेल्या पेशंटनं ते मिटूनच घेतलं. चार फताडी चाकं, नावाला मडगार्ड आणि सीट एकच. त्या सीटवर मागं कुणाला घ्यायची सोय नाही, कारण वळणावर चालवणाऱ्याला अख्खं अंग आतल्या बाजूला झोकावं लागतं. मागं कुणी गोणीसारखं बसलं तर गाडी उलटलीच म्हणून समजा. थ्रॉटलही मोटारसायकलसारखा पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्यानं दाबायचा असतो. सुरुवातीला दोघींचे अंगठे असे सुजले, की घरात डब्याचं झाकण उघडायलासुद्धा भावाला हाक मारावी लागायची.

या भावाचं, म्हणजे दादाचं, फरश्यांचं दुकान होतं. क्वाड ठेवायला गोदामातला कोपरा त्याचा आणि ती वाहून न्यायला टेम्पोही त्याचाच. दोन्ही त्यानं दिलं, पण तोंड वाकडं करून. "दोघी चालवताय तोवर ठेवा," तो म्हणाला. "एकीनं जरी सोडली, तर दुसरीसाठी मी एवढी जागा अडवून ठेवणार नाही. फरश्या काय डोक्यावर घेऊन उभा राहू?" दादाचा आवाज चढला नव्हता. त्यामुळे तो खरंच बोलतोय हे दोघींना कळलं.

शहराबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण होती. मालकानं ती हौशी लोकांना मोकळी करून दिली होती, फाटकावर एक माणूस बसवला होता. रविवारी तिथं मोटारसायकलवाले, क्वाडवाले गोळा व्हायचे. लिफ्टबाई तिथं गेली की वेगळीच बाई व्हायची. लिफ्टच्या शाफ्टमध्ये प्रत्येक हालचाल दहादा विचार करून करणारी ही बाई टेकाडावरून बेधडक उडायची, मागची चाकं घसरवत वळायची आणि हेल्मेटच्या आत एकटीच हसायची. वहिनीची तऱ्हा निराळी होती. ती शिवणाच्या टिपेसारखी नेमकी चालवायची, एका रेषेवरून दुसरी फेरी अशी घ्यायची की पहिल्या फेरीची खूण मोडायची नाही. एक चालवायची तेव्हा दुसरी कडेला उभी राहून टीका करायची.

खाणीतली धूळ पिठासारखी बारीक. ती इंजिनात गेली तर सगळं मातीमोल. म्हणून दर वेळी एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवायचा, वाळवायचा आणि तेलात भिजवून पिळायचा. चेन ब्रशनं घासायची, तेल द्यायचं, तिचा ताण बघायचा. चाकांचे आणि स्टिअरिंगच्या दांड्यांचे नट हातानं तपासायचे. यात दोघींचं कधी वाजलं नाही. वाजायचं ते मागच्या स्प्रिंगवरून. स्प्रिंगखाली एक कडं असतं. ते हुकाच्या पान्यानं फिरवलं की स्प्रिंग कडक होते किंवा सैल होते. भरभक्कम माणसाला कडक लागते, काडीपैलवानाला सैल. वहिनीनं सैल केलेली गाडी लिफ्टबाईखाली बसकण मारायची, आणि लिफ्टबाईनं आवळलेली गाडी वहिनीला लाह्यांसारखी उडवायची. "वन्सं, तुमच्या स्प्रिंगवर बसून माझे दात हलले. आमच्याच दवाखान्यात नंबर लावावा लागेल," असं ती म्हणायची, आणि पाना घेऊन कडं सैल करत बसायची.

गेल्या उन्हाळ्यात लिफ्टबाई पडली. मोठ्या टेकाडावर चढताना ऐन माथ्यापाशी तिनं अंगठा जरा जास्तच दाबला, पुढची चाकं उचलली गेली आणि गाडी तिला घेऊन मागच्या मागं उलटली. मनगटाला बांधलेल्या लाल दोरीचं दुसरं टोक गाडीच्या बटणातून निसटलं, त्यामुळे इंजिन लगेच बंद पडलं. ती दोरी असते त्यासाठीच. वहिनी धावत आली, आणखी दोघं आले, तिघांनी मिळून गाडी उचलली. लिफ्टबाईच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. बाकी हातपाय शाबूत.

हाड जुळलं आणि त्या पडण्याची गोष्ट झाली. लिफ्टबाई ती जाईल तिथं सांगायची, वॉचमनला सांगायची, साहेबाला सांगायची, पंगतीला बसल्यासारखी मांडी घालून खाणीतल्या मंडळींना सांगायची. "गाडीखाली सापडले म्हणून तर कळलं, चेन ढिली झालीय. वरून कधी दिसली नसती." लोक पोट धरून हसायचे. वहिनी अशा वेळी उठून पाणी प्यायला जायची.

लिफ्टबाई पुन्हा चालवायला लागली न लागली तोच कंपनीनं तिला एक रविवार आड ड्युटी लावली. वहिनी म्हणाली, "मग असं करू. एक रविवार तुमचा, एक माझा. दोघींना पोटभर चालवायला मिळेल." लिफ्टबाईला ही वाटणी झकास वाटली.

वाटणीनंतर एकदा ती आपल्या रविवारी खाणीत गेली, सवयीनं पाना घेऊन मागं वाकली, तर कडं होतं तिथंच होतं. तिनं मागच्या वेळी आवळून ठेवलं होतं तसंच. तिला वाटलं, वहिनी विसरली असेल. पुढच्या खेपेलाही तेच. गाडी मात्र लखलखीत धुतलेली, चेन तेलानं ओली, स्पंज नुकता पिळलेला. घरी गेल्यावर तिनं सहज विचारलं, "काय वहिनी, कशी चालली?"

"मस्त. पलीकडचं वळण आता एका दमात घेते," वहिनी म्हणाली आणि भाजीचे देठ मोडत राहिली.

खोटं बोलणं वहिनीच्या स्वभावात नव्हतं. कडक स्प्रिंगवर ती टेकाडापर्यंतसुद्धा गेली नसती, इतकं तर लिफ्टबाईला ठाऊक होतं. मग रविवारी ही जाते कुठं? काही दुखणंखुपणं लपवतेय का? दवाखान्यात बसणारी बाई, काही कळलं असेल आणि मूग गिळून बसली असेल. लिफ्टबाईचं कामात लक्ष लागेना. एका इमारतीत तर ती हत्यारांची पिशवी तळमजल्यावर विसरून थेट वर मशीनच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

शेवटी तिनं ड्युटी बदलून घेतली आणि वहिनीच्या रविवारी स्कूटरवरून खाण गाठली. फाटकवाला म्हणाला, "आज तुमचा दिवस नाही ना?" ती म्हणाली, "बघायला आले." त्यानं खाणीकडे हात केला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बरं झालं आलात. त्या चालवत नाहीत हो. येतात, गाडी उतरवतात, बसतात. मग धुतात आणि जातात."

सगळ्यांपासून लांब, टेम्पोच्या सावलीत क्वाड उभी होती आणि वहिनी तिच्यावर बसली होती. हेल्मेट, चष्मा, हातमोजे, बूट, सगळं अंगावर. मनगटाला लाल दोरीही बांधलेली. इंजिन चालू होतं. वहिनीचा अंगठा थ्रॉटलवर टेकलेला होता, पण तो दाबत नव्हता. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. मग तिनं इंजिन बंद केलं, खाली उतरली, बादली घेतली आणि स्वच्छ गाडी धुवायला लागली.

लिफ्टबाई पुढं झाली. "वहिनी, तुला काय झालंय? डॉक्टर काय म्हणाले?"

वहिनी दचकली, मग हातातलं फडकं पिळत म्हणाली, "डॉक्टर कुठला? मला काही झालेलं नाही. धडधाकट आहे मी."

"मग चालवत का नाहीस?"

"होत नाही. अंगठा दाबला जात नाही. दर खेपेला वाटतं आज दाबेन." तिनं हेल्मेट काढून सीटवर ठेवलं. "आणि चालवत नाही असं घरी सांगितलं तर तुमचा भाऊ गाडी विकेल. तुमचीही जाईल. म्हणून येते आणि धुऊन नेते."

"पण घाबरायचं कशाला? पडले मी. मला बघ, काही वाटतं का?"

"तुम्ही पडलात, पण तुम्हाला ते दिसलं नाही, वन्सं. मला दिसलं." वहिनी खाली बसली, टेम्पोच्या चाकाला टेकून. "गाडी तुमच्या अंगावर आली आणि इंजिन बंद पडलं. एकदम शांत झालं. मी पळत होते आणि हाका मारत होते, तुम्ही ओ देत नव्हता. गाडीच्या खालून तुमचा एक बूट दिसत होता, तो हलत नव्हता. मी पळता पळता काय करत होते सांगू? घरी जाऊन तुमच्या भावाला काय सांगायचं, ते शब्द जुळवत होते. जुळलेही होते. मग गाडी उचलली आणि तुम्ही म्हणालात, चेन ढिली आहे."

लिफ्टबाईला हे ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी उलटणं आणि उचललं जाणं यांच्यामध्ये काही नव्हतंच. ती गोष्ट तिनं किती जणांना सांगितली होती, आणि सांगताना हीच बाई कितीदा शेजारी बसली होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि वहिनीबद्दल भरून आलं. ती वहिनीशेजारी जमिनीवर बसली. मग म्हणाली, "परत सांग. पहिल्यापासून. मी मध्ये बोलत नाही." वहिनीनं सांगितलं. ती खरंच मध्ये बोलली नाही.

संध्याकाळी टेम्पो गोदामात लावल्यावर लिफ्टबाई तशीच दुकानात गेली. दादा फरश्यांवरची धूळ झटकत होता. वहिनी मागून डोळ्यांनी नको नको म्हणत होती, पण आता त्याच्या पाठीमागं एक दिवसही ही गाडी चालवायची नाही, असं लिफ्टबाईनं ठरवलं होतं. "दादा, वहिनीनं क्वाड सोडलीय. माझं पडणं बघितल्यापासून. तुझी अट तुला ठाऊक आहे. विकायची तर वीक, मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

दादानं आधी बायकोकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. मग त्यानं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "जागा हे निमित्त होतं; मी बोललो ते दोघी बरोबर असाव्यात म्हणून, आणि रविवार वाटून घेतलेत तेही मला पटलं नव्हतं. एक पडली तर दुसरी असते. चालवा नाहीतर बघत उभ्या राहा, मला काय. तू जाशील का हिच्याबरोबर?"

हे त्यानं बायकोला विचारलं होतं. वहिनी नणंदेकडे वळून म्हणाली, "जाईन. पण मला तुमचा आवाज पाहिजे. शांत राहिलेलं मला चालणार नाही."

लिफ्टबाईनं साहेबाशी भांडून रविवारची ड्युटी बदलून घेतली. पुढच्या रविवारी दोघी खाणीत गेल्या. वहिनी वळणापाशी एका दगडावर बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. त्या वळणावर वेग सोडला तर पुढच्या टेकाडावरून नीट उडता येत नाही, हे सगळ्या क्वाडवाल्यांना ठाऊक होतं आणि लिफ्टबाईला तर सगळ्यांत जास्त. तरी ती तिथं आली, अंगठा उचलला, गाडी पार मंदावली आणि हेल्मेटमधून ओरडली, "आहे गं."

मागून येणारा मोटारसायकलवाला वैतागून बाजूनं निघून गेला. दुसऱ्या फेरीला ती पुन्हा मंदावली, पुन्हा ओरडली. तिसऱ्या फेरीला खाणीतली मंडळी हसायला लागली. लिफ्टबाईनं कुणाकडे बघितलं नाही. ती दर फेरीला वळणावर अंगठा उचलत राहिली आणि ओरडत राहिली, "आहे गं वहिनी, आहे."