कापड उजेडात धरा

मॅचिंग सेंटरमध्ये काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. साडी घेऊन दोन बायका काउंटरवर आल्या की तिसऱ्या मिनिटाला एक तयार होतो. मी ते रोज संध्याकाळी घरी जाऊन वहीत लिहिते. सतरा वर्षांत नऊ वह्या भरल्या. त्यात हसण्यासारखंच जास्त आहे. एका वहीची काही पानं मात्र मी आता उघडत नाही.

*

आमचं दुकान फुलपाड्यात. ब्लाउजपीस, अस्तर, परकर, फॉल. मला रंग शिकवले ते दुकानातल्या सगळ्यात जुन्या माणसाने, दत्तूकाकांनी. त्यांचा एकच नियम होता. गिऱ्हाइकाची साडी आणि आपलं कापड घेऊन पायऱ्या उतरायच्या, दोन्ही उजेडात शेजारी धरायची, आणि मगच कात्री लावायची. ट्यूबलाइटखाली जुळलेले रंग उन्हात भांडतात, म्हणायचे.

एकदा अर्नाळ्याची एक मावशी या चढउताराला वैतागली. काकांनी तिला समजावलं, की कापडाला स्वतःचा रंग नसतो. उजेडात सगळे रंग असतात, कापड त्यातले काही खातं आणि उरलेले परत टाकतं. परत टाकलेले तेवढे आपल्याला दिसतात.

मावशीने जरा विचार केला. "मंग माजा काला परकर सगलंच खातो म्हनायचा?"

"म्हणून तर उन्हात तापतो."

"माज्या नवऱ्यासारा," मावशी म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

*

एका पावसाळ्यात मालकांनी पायऱ्यांवर नवीकोरी निळी ताडपत्री बांधली. आम्ही नियमाप्रमाणे प्रत्येक गिऱ्हाईक बाहेर नेत होतो, कापड नीट बघून कापत होतो. आठवडाभरात परत आलेल्या लाल-केशरी ब्लाउजपीसांचा काउंटरवर ढीग लागला.

काका ढिगाकडे बघत बसले, मग बाहेर जाऊन वर बघून आले. ताडपत्रीतून खाली येतो तो निळाच उजेड. लाल कापडाला परत टाकायला लाल मिळणार कुठून? सगळे लाल सारखेच मळके दिसणार.

मालक ताडपत्री काढायला निघाले, पण पाऊस आत यायचा. मग चार महिने आम्ही रस्ता ओलांडून पलीकडे जात होतो. पुढे काळी छत्री धरून काका, मागे साडी सांभाळत बाई. समोरचा भाजीवाला रोज विचारायचा, "काका, आज कुणाची वरात?"

*

राजोडीहून एक बाई आली होती, मुलीच्या लग्नाच्या गाऊनसाठी अस्तर घ्यायला. गाऊन पांढराशुभ्र. काकांनी बाहेर नेऊन दाखवलं, कापलं, दिलं. बाईला चर्चमध्ये जायची घाई होती, म्हणून तिने नीट बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती परत आली.

"पोरगी फादरसमोर उभी रानार, नि गाऊनच्या आत केल्याची साल?"

अस्तर क्रीम होतं. काकांनी ते भर उन्हात गाऊनला लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "एकच तर आहे."

मी हसले. काकांचा हट्टी स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता. त्या दिवशीच्या पानावर मी हा किस्सा 'विनोदी' म्हणून लिहिलाय.

*

पुढच्या महिन्यात एका शिक्षिकेला नेव्ही ब्लू साडीवर काळा फॉल गेला. मग जांभळ्यावर चॉकलेटी. फिकट पिवळ्या साडीवर पांढरा. मी हे सगळं तारखेसकट लिहीत गेले. अकरा चुका झाल्यावर मागची पानं चाळली तेव्हा दिसलं, की ताडपत्रीचे ते दिवस सोडले तर लाल, केशरी यांत काका एकदाही चुकले नव्हते. चुकत होते ते निळ्या-जांभळ्यापाशी, आणि पांढऱ्या-पिवळ्यात, जिथे फरक निळ्याचाच असतो.

एवढं कळल्यावर कुणीही त्यांना सांगितलं असतं, डोळे तपासून घ्या म्हणून. मी सांगितलं नाही. ज्यांनी मला पारवा आणि राखाडी यांतला फरक दाखवला, त्यांना तुमची नजर गेली असं कुठल्या तोंडाने सांगायचं? मी आपली सोपी युक्ती काढली. निळी साडी दारात दिसली की आधी पुढे व्हायचं.

*

श्रावणातली गर्दी होती. एक बाई मोरपंखी पैठणी घेऊन थेट काकांकडे गेली. मी मध्ये हात घातला. "काका, तुम्ही बसा. मी दाखवते."

काकांनी पैठणी माझ्या हातात दिली. गिऱ्हाईक गेलं. मग हळूच म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक रस्त्यावरून ओढावं. माणसाच्या हातातून ओढू नये."

तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. मी कापडाच्या घड्या घालत राहिले. गणपतीनंतर काकांनी मालकांना सांगितलं, की उभं राहून गुडघे दुखतात. मालकांनी नारळ दिला, शाल दिली. काकांनी माझा निरोप मात्र घेतला नाही.

*

वर्षभराने त्यांच्या मुलीचा फोन आला. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं, की डोळ्यांतली भिंगं चहासारखी पिवळट झाली होती, निळा उजेड आतच पोचत नव्हता. हळूहळू होतं ते, माणसाच्या स्वतःच्या लक्षातही येत नाही. बाबांना एवढं कशाला सांगायचं, ती म्हणाली, दिसायला लागलं यातच ते खूश आहेत.

*

परवा दुपारी काका दुकानात आले. गुडघे ठणठणीत. मालकांशी बोलले, चहा घेतला. मग सवयीने आत आले आणि निळ्या ताग्यांसमोर थांबले. ते तागे त्यांच्याच हाताने लावलेले, मी एकही हलवलेला नव्हता. त्यांनी एक उपसला, दारात नेला, उजेडात धरला. मग दुसरा नेला.

"नवीन माल आला वाटतं?"

मी म्हटलं, "हो काका."

ते कितीतरी वेळ कापडावरून हात फिरवत होते. मग म्हणाले, "माझ्या वेळी असा निळा असता ना ताई, तर माझी एकसुद्धा चूक झाली नसती."